पानाच्या आतले बिऱ्हाड

बुरशीचे जग : लेखांक ७

सदाफुलीला मराठवाड्यात फारसे कोणी मुद्दाम पाणी घालत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो, बोअर कोरडे पडतात, टँकरच्या वाटेवर घागरी रांगेत लागतात, तरी नांदेडच्या वजिराबादेत काय किंवा लातूरच्या औसा रस्त्यावर काय, घराच्या पायरीशी, नालीच्या कडेला ती गुलाबी-पांढरी फुलतच राहते. मूळची ही मादागास्करची. आता ती इतकी आपली झाली आहे की मधुमेह असलेली कितीतरी माणसे सकाळी तिची पाने चावून खातात.

हा समज इथल्यापुरता नाही. जमैकातही या पानांचा चहा मधुमेहावर घेत असत. तिथली पाने १९५०च्या दशकात कॅनडातील वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्या हाती पोचली. तोंडावाटे अर्क दिला तेव्हा उंदरांच्या रक्तातली साखर हलली नाही. टोचून दिला तेव्हा मात्र रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणे म्हणजे रक्ताचा कर्करोग, तेव्हा त्या घटवणारे द्रव्य मोलाचे असणार हे नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी ओळखले. १९५८ मध्ये त्यांनी विनब्लास्टिन वेगळे केले. पाठोपाठ त्याच पानांतून विनक्रिस्टिन मिळाले. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात विनक्रिस्टिन आजही पहिल्या फळीत आहे. पेशींचे विभाजन थांबवणारी ही जहाल द्रव्ये आहेत, म्हणूनच रोज उपाशीपोटी ती पाने चावणे धोक्याचे आहे, हे इथे स्पष्ट सांगायलाच हवे.

अडचण आहे ती प्रमाणाची. पानांत ही द्रव्ये इतकी विरळ असतात की एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी पाचशे किलोपासून दोन हजार किलोपर्यंत वाळलेली पाने लागतात. औषधाच्या एवढ्याशा कुपीमागे शेतेच्या शेते उभी करावी लागतात.

या ठिकाणी बुरशी गोष्टीत येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सदाफुलीच्या आत राहणारी एक बुरशी त्यांनी बाहेर काढली, काचेच्या चंबूत द्रवावर वाढवली आणि त्या द्रवात विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन ही दोन्ही द्रव्ये सापडल्याचे दाखवले. एका लिटरमागे पहिले ७६ मायक्रोग्रॅम, दुसरे ६७. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग; तेव्हा हे प्रमाण नगण्यच. पण झाड नाही, पान नाही आणि चंबूत झाडाचे औषध, ही गोष्ट नगण्य नाही.

त्या बुरशीचे नाव वाचून लातूरच्या शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडेल. फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम! हरभऱ्यावरची मर याच जातीच्या एका प्रकारामुळे येते. तुरीची मर तिच्या सख्ख्या भावकीतल्या फ्युझेरियम उडममुळे. उभे पीक सुकवणारी बुरशी सदाफुलीत मात्र मुकाट राहते, पानावर डाग नाही, शेंडा वाळत नाही. बुरशी तीच असली तरी तिचे वागणे यजमान कोण, वाण कोणता आणि झाडाची तब्येत कशी यावर ठरते.

मागच्या लेखात मुळांभोवती जाळे विणणाऱ्या बुरशींची ओळख झाली. आजच्या बुरशी त्यांच्याही पुढे जाऊन थेट झाडाच्या आत बिऱ्हाड करतात. वाऱ्याने आलेला बीजाणू पानाच्या रंध्रातून, सालीच्या चिरेतून, किड्याने केलेल्या जखमेतून शिरतो. काही बुरशी तर बियांतूनच पुढच्या पिढीत जातात. पेशींच्या फटींमध्ये त्यांचे तंतू सावकाश पसरतात. त्यांना एन्डोफाइट किंवा अंतर्वासी बुरशी म्हणतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ मध्येच त्यांची नोंद केली होती, आणि आजवर तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक झाडात त्या कुठे ना कुठे सापडल्या आहेत. बिऱ्हाडाचे भाडे अनेकदा रसायनांच्या रूपाने चुकते होते: बाहेरून येणाऱ्या रोगकारक बुरशीला, जीवाणूला, पाने कुरतडणाऱ्या अळीला रोखणारी द्रव्ये. झाड खंगले की हाच बिऱ्हाडकरू कधी कधी घरच पोखरू लागतो, तेही खरे.

औषधशास्त्राचे डोळे या बुरशींकडे खऱ्या अर्थाने वळले ते १९९३ मध्ये. अमेरिकेच्या वायव्येकडील यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या सालीत टॅक्सॉल असते. अंडाशयाच्या कर्करोगावर त्याला आदल्याच वर्षी मान्यता मिळाली होती, आणि सालीसाठी जुनी झाडे कापली जात असल्याने मोठा वाद पेटला होता. अशा वेळी मोंटाना राज्यातील अँड्रिया व डोनाल्ड स्टिअर्ल आणि गॅरी स्ट्रोबेल यांनी यूच्या सालीतून काढलेली एक बुरशी स्वतः टॅक्सॉल बनवते असे जाहीर केले. प्रमाण लिटरला २४ ते ५० नॅनोग्रॅम, म्हणजे पुण्यातल्या आकड्यांहूनही हजारपटींनी कमी. तरीही जगभरच्या प्रयोगशाळांत औषधी झाडे धुंडाळण्याची लाट आली.

महाराष्ट्राशी तिचा जवळचा संबंध आहे. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नरक्या नावाचे दुर्गंधी येणारे छोटे झाड वाढते. त्यात कॅम्प्टोथेसिन असल्याचे १९७२ मध्ये कळले. हे द्रव्य मुळात १९६६ मध्ये एका चिनी झाडातून मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळे केले होते. त्यापासून तयार झालेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे आज कर्करोगावर वापरली जातात. नरक्याचे पुढे काय झाले ते घाटावरच्या माणसांना ठाऊक आहे: खोडे तोडली गेली, मुळे उपटली गेली, पोती भरून माल गेला. २००५ मध्ये जम्मूच्या संशोधकांनी पश्चिम किनारपट्टीवरच्या नरक्याच्या आतल्या सालीतून एक बुरशी वेगळी केली आणि तीही कॅम्प्टोथेसिन देते असे दाखवले. झाड न तोडता औषध मिळण्याची ही आशा खोटी नव्हती. मात्र ती अजून अपुरी आहे.

अपुरी का, हे जर्मनीतील डॉर्टमुंडमध्ये सौविक कुसारी आणि त्यांच्या गटाने फार चिकाटीने शोधले. कॅम्प्टोथेसिनच्या मूळच्या चिनी झाडातून त्यांनी फ्युझेरियमच्याच कुळातली एक बुरशी घेतली. पहिल्या संवर्धनात द्रव्य मिळाले. त्याच बुरशीचा तुकडा पुन्हा पुन्हा नव्या बशीत लावत गेल्यावर सातव्या पिढीपर्यंत उत्पादन ओसरले. तिची जनुके तपासली तेव्हा कारण कळले. द्रव्य बनवण्याच्या वाटेवरची काही विकरे तिच्याकडे होती, पण स्ट्रिक्टोसिडिन हा मधला पदार्थ तयार करणारे विकर नव्हते. ते झाडाचे. दोघांनी मिळून चालवलेल्या कामातला एक टप्पा यजमानाकडे होता.

विनब्लास्टिनची वाटही याच स्ट्रिक्टोसिडिनवरून जाते. त्यामुळे सदाफुलीतल्या फ्युझेरियमलाही हाच प्रश्न विचारावा लागेल: एकटी पडल्यावर ती किती पिढ्या काम करील? टॅक्सॉलच्या बाबतीत तर २०१३ मध्ये जर्मनीतील दुसऱ्या एका गटाने, बुरशी झाडाविना टॅक्सॉल बनवते याला पुरावा मिळत नाही, असेच म्हटले. आज बाजारात येणारे टॅक्सॉल यूच्या पेशींचे संवर्धन करून किंवा पानांतल्या पूर्वद्रव्यापासून तयार होते. बुरशीचा त्यात वाटा नाही. ‘बुरशीने कर्करोगाचे औषध दिले’ असा मथळा दिसला की वाचकाने दोन गोष्टी विचाराव्यात: लिटरला किती, आणि कितव्या पिढीपर्यंत?

नांदेड-लातूरच्या दृष्टीने या विद्येतली सर्वांत आश्वासक गोष्ट म्हणजे तिची पहिली अर्धी वाट साध्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतून जाते. निरोगी पान वाहत्या पाण्यात धुवायचे. मग ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये, नंतर सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायचे, म्हणजे पृष्ठभागावरचे सगळे जंतू मरतात आणि आतले वाचतात. शेवटी निर्जंतुक पाण्याने खळबळायचे आणि ते पाणीसुद्धा एका वेगळ्या बशीत ओतून पाहायचे. त्यातून काही उगवले तर धुणे कच्चे राहिले, सगळा प्रयोग रद्द. मग पानाचे बारीक चौकोन कापून बटाट्याचा अर्क, साखर आणि अगार घातलेल्या बशीत ठेवायचे, सोबत जीवाणू मारणारे प्रतिजैविक. काही दिवसांत कापलेल्या कडेतून पांढरे, करडे, गुलाबी तंतू बाहेर येऊ लागतात. ते वेगळे करून द्रवात दोन-तीन आठवडे वाढवायचे, इथाइल ॲसिटेटने अर्क काढायचा आणि जीवाणू पेरलेल्या बशीत त्या अर्काभोवती स्वच्छ वर्तुळ पडते का ते पाहायचे. रेणूची ओळख पटवायला मात्र मोठी यंत्रे लागतात, तिथे पुण्याकडे किंवा हैदराबादकडे पाहावे लागते.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. किनवट-माहूरच्या सागवानी रानांत गोंड, कोलाम, आंध लोकांची औषधी झाडांची जाण पिढ्यांची आहे. लातूरकडे जंगल जवळजवळ नाहीच. बालाघाटच्या उतारांवरची झुडपे, बांधावरचे कडुलिंब, देवळामागचा बेल एवढीच शिल्लक. हे वाचून निराश व्हायचे कारण नाही. कुठले झाड निवडावे याबद्दल स्ट्रोबेल यांनी सांगितलेले निकष असे: खडतर परिस्थितीत तगणारे, लोकांनी औषध म्हणून वापरलेले, फार वर्षे जगणारे, त्याच भागातले खास. यातले पहिले दोन तरी मराठवाड्याला नेमके लागू पडतात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील अजित वर्मा यांच्या गटाने राजस्थानच्या वाळवंटी झुडपांच्या मुळांभोवतीच्या मातीतून शोधलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका ही बुरशी १९९८ मध्ये जगापुढे आली आणि अनेक पिकांची वाढ सुधारते म्हणून गाजली. त्या झुडपांत होती वेडी बाभूळ, जी इथे प्रत्येक गावाच्या शिवारात माजलेली आहे.

कडुलिंबाचे उदाहरण अधिक बोलके आहे. इथला शेतकरी कपाशीवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारतो; त्यातले मुख्य कीडनाशक द्रव्य ॲझाडिरॅक्टिन. २०१२ मध्ये कडुलिंबातल्याच एका अंतर्वासी बुरशीने ॲझाडिरॅक्टिन दिल्याची नोंद झाली. त्याआधी २००९ मध्ये वाराणसीच्या रवींद्रनाथ खरवार यांच्या गटाने कडुलिंबाच्या मुळातल्या बुरशीपासून जावानिसिन हे जीवाणूनाशक मिळवले होते. गुळवेलीवरच्या त्यांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली: आत कोणत्या बुरशी असतील हे वेल कुठल्या गावची यापेक्षा ऋतू कोणता आणि भाग कोणता, पान की खोड की मूळ, यावर जास्त ठरते. आपल्याकडे कडुलिंबावर चढलेली गुळवेल उत्तम मानतात. ती आणि बाभळीवरची गुळवेल, दोन्ही श्रावणात आणि पुन्हा वैशाखात तपासणे हा नांदेडच्या विद्यार्थ्यासाठी चांगला, करता येण्याजोगा विषय आहे.

डॉ. व्ही. एन. नाईक यांच्या १९९८ च्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’मध्ये इथल्या झाडांची नोंद झाली. त्या प्रत्येक नावाच्या आत आणखी एक यादी दडलेली आहे. ती तयार करताना दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार सूक्ष्मजीव हीसुद्धा जैविक संपत्तीच आहे; किनवटच्या सालीतून निघालेल्या बुरशीतून उद्या काही कमाई झाली, तर गावाचा वाटा गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीपासूनच सुरू होतो. ती नोंदवही नीट लिहिली जायला हवी. दुसरी गोष्ट, वेगळी केलेली बुरशी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा व्हावी. प्रबंध पूर्ण झाल्यावर परीक्षानळी कपाटात वाळून गेली, तर पुढच्या संशोधकाला मागचा आकडा पडताळून पाहता येत नाही.

पुढील लेखांकात : तुरीच्या मरीशी जमिनीतच झुंजणारी ट्रायकोडर्मा.