गावकुसाबाहेरच्या आजारांचा इतिहास

इतिहास विद्यापीठातच लिहिला जातो, अशी आपल्याकडे एक रूढ समजूत आहे. धाराशिव जिल्ह्याने ती फार पूर्वीच खोटी ठरवली आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीटसारख्या पंडिताने १९०१ मध्ये कागदोपत्री सिद्ध केले. परंतु तेरच्या पांढरीत पावसाळ्यानंतर वर येणारे मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती वर्षानुवर्षे उचलून, पुसून, जपून ठेवल्या त्या रामलिंगप्पा लामतुरे या त्याच गावच्या माणसाने. ते पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. त्यांना नाद होता. आज तेरला जे शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय त्यांच्या नावाने उभे आहे, त्याचा पाया हा एका हौशी माणसाचा संग्रह आहे.

अशी उदाहरणे आणखीही आहेत. भाऊ दाजी लाड हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पहिल्या तुकडीत बाहेर पडलेले डॉक्टर. एका बाजूला ते कुष्ठरोगावर वनस्पतीच्या तेलाचे प्रयोग करीत होते आणि दुसऱ्या बाजूला अजिंठ्याचे शिलालेख वाचीत होते. दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिती. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवीत त्यांनी शेंदूर फासलेल्या दगडांची, गावदेवींची, आडवाटेवरच्या मातृकांची नोंद केली आणि १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात त्या दगडांना बोलते केले. आपल्या चळवळीपुरते बोलायचे, तर चांगदेव खैरमोडे यांनी नोकरी सांभाळून बाबासाहेबांचे अनेक खंडांचे चरित्र लिहिले. त्याचा पहिला खंड १९५२ चा. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगावच्या, वस्त्यावस्त्यांतल्या बायांना गाठून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' सिद्ध केले. यांपैकी कोणालाही इतिहासाच्या खात्याने पगार दिला नव्हता.

हे सांगण्याचे कारण असे, की एक मोठा विषय आजही असाच कोणा हौशी माणसाची वाट पाहत आहे. तो म्हणजे आपल्या वस्त्यांच्या आजारांचा इतिहास. आपल्या वाड्यांत कोणत्या साथी आल्या, कोण मेले, कोण वाचले, औषध कोणापर्यंत पोहोचले आणि कोणापर्यंत पोहोचले नाही, हे लिहिलेले कोठे आहे?

निजामाच्या राज्यातील वैद्यकाचा इतिहास काढून पाहा. १८८८ आणि १८८९ ची हैदराबादची क्लोरोफॉर्म कमिशने त्यात आहेत. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, तेही आहे. ही कामगिरी थोरच आहे. परंतु त्याच १८९७ साली, मार्च महिन्यात, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले होते. ही हकीकत सामाजिक चळवळीने जपली म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे. वैद्यकाच्या इतिहासात तिला जागा नव्हती. मग उस्मानाबाद, कळंब, परंडा, उमरगा येथील वाड्यांची काय कथा!

नोंद असली म्हणजे काय होते, याचा एकच दाखला देतो. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखली जाते. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९११ साली १ कोटी ३३ लाख होती, ती १९२१ साली १ कोटी २४ लाखांवर आली. या घटीचा मोठा भाग मानमोडीचा. पण हे नऊ लाख कोण होते, हे त्या आकड्यातून कळत नाही. मुंबई शहरात मात्र मृत्यूचे आकडे जातवार मांडले गेले. तेथे युरोपियनांत हजारी ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९ आणि ज्यांना त्या तक्त्यात 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले आहे, त्यांच्यात हजारी ६१.६ माणसे मेली. एकच शहर आणि एकच जंतू, तरी सवर्ण हिंदूंच्या तिपटीहून अधिक मरण आपल्या वाट्याला आले. जंतूला जात कळत नाही हे खरे. पण दाटीची चाळ, अपुरे अन्न, आजारातही न सुटणारे काम आणि दूर असलेला दवाखाना यांना जात कळते. तक्त्यात तो एक रकाना होता म्हणून हे सत्य उघडे पडले. आपल्या जिल्ह्यातील खेड्यांसाठी तो रकाना आता आपल्यालाच आखावा लागेल.

हे काम कसे करायचे? मला जी साधने दिसतात ती मांडतो.

पहिले साधन कागदाचे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाकडे असल्यामुळे जुने दप्तर बव्हंशी उर्दूत आहे आणि वर्षे फसली आहेत. पुष्कळ तरुण येथेच अडतात. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. मात्र हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस बदलत असे, म्हणून पुढच्या जानेवारीपासूनच्या नोंदींना ५९१ मिळवावे लागतात. १३५७ फसली म्हणजे पोलिस कारवाईचे वर्ष, १९४७-४८. मानमोडीचा कहर १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात झाला, तेव्हा १३२८ फसलीच्या आरंभीचे कागद पाहिले पाहिजेत. उर्दू वाचणारा एखादा मुसलमान शिक्षक किंवा वयस्कर कारकून बरोबर घ्यावा. यातून दोन समाजांची ओळखही वाढेल, हा वेगळा लाभ.

दुसरे साधन माणसांच्या स्मृतीचे. आजाराला गावाची स्वतःची नावे आहेत: पटकी, देवी, गोवर, गाठीचा ताप, मानमोडी, नारू, रक्तपिती. विचारताना हीच नावे वापरावीत. साल विचारू नये. "तडवळ्याला बाबासाहेब आले त्याच्या आधी की नंतर?", "रझाकारांच्या वेळी?", "बहात्तरच्या दुष्काळात?" असे विचारावे. कसबे तडवळ्याची महार-मांग वतनदार परिषद १९४१ ची. आपल्या भागात ती काळ मोजण्याची खूण झाली आहे. १९१८ पाहिलेले कोणी आता उरले नाही. पण आजीने सांगितलेले सांगणारी नात आहे. दोघांना वेगवेगळे विचारावे, त्यांचे शब्द तसेच उतरवावेत, आपली सुधारणा त्यात घुसडू नये आणि सांगीव कोणती, प्रत्यक्ष पाहिलेली कोणती हे दर वेळी नोंदवावे.

तिसरे साधन आपल्याला अवघड वाटणारे आहे. मरीआईचे ठाणे बहुधा आपल्याच वस्तीलगत असे. साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, पुढच्या गावाने तो आणखी पुढे लोटायचा. गाडा ओढणारे, पोतराज होऊन अंगावर आसूड ओढणारे आपलेच लोक. गावाची पीडा त्यांनी अंगावर घ्यावी, अशीच ती रचना होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपण हे देव टाकले, ते योग्यच झाले. त्या ठाण्याला पुन्हा हळदकुंकू वाहावे, असे मी सुचवीत नाही. परंतु देव टाकताना त्याला चिकटलेली साथीची आठवणही आपण टाकून दिली काय, हे तपासले पाहिजे. गाडा कोणत्या वाटेने गेला, कोणत्या गावाने अडवला, त्या वर्षी वाड्यात किती चुली विझल्या, ही माहिती भक्तीची नाही, इतिहासाची आहे. कोसंबींनी दगडाला नमस्कार केला नाही, त्याला प्रश्न विचारले. आपणही तेच करावे. प्लेगच्या वेळी गावे उठून रानात खोपी घालून राहत. तेव्हा रिकाम्या गावाची राखण कोणी केली, प्रेतांसाठी लाकडे कोणी वाहिली, मेल्याचा सांगावा घेऊन परगावी कोण गेले, हे प्रश्न वतनाच्या इतिहासाचे आहेत आणि वैद्यकाच्या इतिहासाचेही.

चौथे साधन पाण्याचे. नारूचे उदाहरण घ्या. नारूची मादी हातभर, कधी त्याहून लांब असते. माणसाच्या पायातून फोड फुटून ती बाहेर पडते. आग शमवण्यासाठी रोगी पाण्यात पाय बुडवतो आणि ती हजारो पिल्ले पाण्यात सोडते. पाण्यातले बारीक जलपिसू ती गिळतात, ते पाणी माणूस पितो, आणि साधारण वर्षाने नवा नारू बाहेर येतो. म्हणजे जेथे पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालावा लागतो, ती बारव नारूची; जेथे काठावरून पोहरा सोडतात, तो आड निर्धोक. यावर गोळी नाही, लस नाही. पाणी गाळून पिणे, बारवा बंद करणे आणि हातपंप बसवणे एवढाच उपाय. या हातपंपाचा इतिहासही आपल्या शेजारचा आहे. सोलापूर आणि जालना येथील मिशनऱ्यांच्या कामातून टिकाऊ पंप तयार झाले आणि त्यांवरूनच १९७० नंतरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' आला. नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, तेव्हा ग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. देशातील शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला.

ही विज्ञानाची विजयकथा झाली. तिच्या मागचा प्रश्न आपला आहे. प्रत्येक गावाचा एक नकाशा काढावा आणि त्यावर जुने आड, बारवा, ओढ्यातले झरे, पहिला हातपंप दाखवावा. कोणत्या पाण्यावर कोणाला मनाई होती, ते लिहावे. चवदार तळ्यावर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा ती हक्काची लढाई होती. असा नकाशा समोर ठेवला की ती जगण्यामरण्याचीही लढाई होती, हे विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पाचवे साधन बायांचे. नाळ कापणे हे विटाळाचे काम मानले गेले, म्हणून अनेक गावी ते मांग-महार समाजातील सुईणीकडे आले. अडलेली बाळंतीण तिने सोडवली, आणि नंतर तिचाच स्पर्श टाळला गेला. तिला काय येत होते, काय येत नव्हते, सरकारी दाईचे प्रशिक्षण आले तेव्हा तिला घेतले की वगळले, हे लिहून ठेवणारी शेवटची पिढी आज आपल्यासमोर आहे.

या कामात काही पथ्ये पाळली पाहिजेत. रक्तपितीचा किंवा क्षयाचा रोगी, त्याचे घर, त्याची मुले यांची नावे छापू नयेत. आपल्या संशोधनाने कोणाचे लग्न मोडता कामा नये. जुन्या औषधाची नोंद करावी, पण ती नोंद आहे, उपचार नव्हे, हे ठळक लिहावे. आणि पूर्वजांना उगाच राजे किंवा महावैद्य ठरवू नये. प्रस्थापितांनी खोटा इतिहास लिहिला, त्याला उत्तर आपला खोटा इतिहास हे नव्हे.

कार्यकर्ते मला विचारतात, आजच्या रोग्याला खाट मिळत नाही, तेथे शंभर वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरता? प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी शेजारच्या बीडकडे पाहावे. ऊसतोड बायांची गर्भाशये काढली जात आहेत, ही कुजबुज गावोगावी होतीच. ती उघड बोलली गेली तेव्हा २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली. ८२ हजारांवर बायांच्या पाहणीत १३ हजारांवर बायांची गर्भाशये काढलेली आढळली. मोजणी झाली म्हणून प्रश्न उभा राहिला. कुजबुजीला शासन उत्तर देत नाही. नोंदीला द्यावे लागते. जुन्या साथींचा माग काढणारा तरुण नव्या नोंदी ठेवायलाही आपोआप शिकतो. २०२० ची कोरोनाची साथ आपल्या डोळ्यांदेखत गेली. पुण्या-मुंबईहून पायी परतलेले आपले लोक शिवेवर कोठे अडवले गेले, कोणत्या शाळेत ठेवले गेले, हे तरी आपण लिहिले आहे काय?

कागद आणि माणसे दोन्ही नाशवंत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उमरगा-लोहारा भागात आणि लातूरकडे मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. गावे नव्या जागी वसली, आणि जुन्या गावाची आळी, आड, वाडा यांचा नकाशा काही म्हाताऱ्यांच्या डोक्यात तेवढा उरला.

म्हणून सुचवतो, की प्रत्येक शाळेतल्या एका शिक्षकाने आणि महाविद्यालयातल्या चार विद्यार्थ्यांनी एक शंभर पानी वही घ्यावी. गाव, वाडा, पाण्याची जागा, आजाराचे गावातले नाव, काळाची खूण, सांगणाऱ्याचे वय आणि नाते, पाहिलेले की ऐकलेले, असे सात रकाने आखावेत. वर्षभरात एक गाव पुरे झाले तरी चालेल. लामतुऱ्यांनी तेरच्या पांढरीत एकेक मणी वेचला. आपल्याला वेचायचे ते मातीत नाही, माणसांत आहे. आणि माणसे मातीइतकी वाट पाहत नाहीत.