तात्पुरता आदेश, कायमचं घर

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कौटुंबिक न्यायालयांत एका ठरावीक अर्जाची रीघ लागते : सुट्टीतले निम्मे दिवस मूल माझ्याकडे राहू द्या. एखाद्या नटनटीचा घटस्फोट झाला की बातमी ‘मूल कुणाला मिळालं’ एवढ्यावरच संपते. खरी ओढाताण असते ती या अर्जांत. शनिवारी किती वाजता, कुणाच्या आजीकडे, गणपतीत दीड दिवस की पाच.

‘ताबा’ या शब्दाशी माझं जुनं वाकडं आहे. फ्लॅटचा ताबा, शेताचा ताबा आणि मुलाचाही ताबाच! मुलं म्हणजे आईवडिलांची मालमत्ता नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच सांगितलं. आपल्या अर्जांची भाषा मात्र तलाठ्याच्या दप्तरातून बाहेर आलेली नाही.

शिवाय ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळं. १९५६च्या हिंदू कायद्यात नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला गेल्या, तेव्हा आईची सही पुरेना. १९९९ साली न्यायालयाने ‘नंतर’चा अर्थ ‘गैरहजेरीत’ असा लावला. निकालाचं कौतुक पुष्कळ झालं. मला तो अर्धाच वाटतो. बाप हजर असेल तर आईचं काय, हा प्रश्न उरतोच. पाच वर्षांखालचं मूल ‘सामान्यतः’ आईजवळ, असंही हाच कायदा म्हणतो. गोव्याहून आलेल्या एका प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की एवढ्या लहान मुलासाठी आई नालायक आहे हे बापाने सिद्ध करायचं. आपण लायक आहोत हे आईने नव्हे.

बाकी सगळं ‘मुलाचं हित’ या दोन शब्दांवर तोललेलं. ते मोजायचं कसं? इथे मला वकिलांपेक्षा न्यायालयातल्या विवाह समुपदेशकांचं काम मोलाचं वाटतं. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेच त्यांना न्यायालयात जागा दिली. डबा कोण भरतं, पालकसभेला कोण जातं, तापात रात्री कोण जागतं, असे साधे प्रश्न त्यांच्या खोलीत विचारले जातात आणि पगाराच्या स्लिपा जे सांगत नाहीत ते तिथे कळतं. तिथलं बोलणं एरवी गुप्त राहतं; पण घरची परिस्थिती आणि मुलाशी असलेलं नातं यांवर न्यायाधीश त्यांच्याकडून अहवाल मागवू शकतात. मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून स्वतः बोलतात. जाणतं म्हणजे किती वर्षांचं, हे १८९०चा पालक-पाल्य कायदा सांगत नाही. पढवून आणलेलं मूल ओळखायचं कसं, तेही नाही. मोठ्या माणसांसारखी वाक्यं आली की संशय घ्यावा, एवढंच.

पण माझ्या मते निकाल बहुतेक वेळा अंतिम सुनावणीआधीच लागलेला असतो, अंतरिम आदेशात. तात्पुरतं म्हणून मूल एकीकडे राहतं, तारखा पडत जातात, तिथली शाळा, तिथले मित्र होतात. मग शेवटी युक्तिवाद येतो : आता मूल रुळलंय, हलवू नका. ज्याच्याकडे मूल, त्याला घाई नसते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात आई महिन्याभराच्या बाळाला अमेरिकेहून भारतात घेऊन आली होती. खालच्या न्यायालयांनी मुलगा वडिलांना द्यायचं ठरवलं; सर्वोच्च न्यायालयाने तो आईकडेच ठेवला. तोवर तो चौदा वर्षांचा झाला होता. निर्णय बरोबरच होता. मात्र त्या मुलाचं अख्खं बालपण ‘न्यायप्रविष्ट’ गेलं.

ताब्याचा कुठलाही आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो, हे कायद्यात खरं आहे. प्रत्यक्षात परिस्थिती बदलवते ती दिरंगाईच. विधी आयोगाने २०१५ साली संयुक्त ताब्याची शिफारस केली. न्यायाधीश काही प्रकरणांत तसे आदेश देतातही. कायद्याचं पुस्तक मात्र अजून एका घराचाच विचार करतं.

म्हणून अनुभवी वकील सुट्टीच्या अर्जाकडे किरकोळ म्हणून पाहत नाहीत. पंधरा दिवसांत मूल तिकडच्या आजीला बिलगलं, सोसायटीत सायकल शिकलं, की जूनच्या अर्जात सायकलही येते.