सवयीला सजगतेची जोड

ठाण्यात हठयोगी निकम गुरुजींनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या श्री अंबिका योग कुटीरच्या निःशुल्क वर्गांनी अनेक कुटुंबांना नित्य साधनेची वाट दाखवली. मात्र मन अन्यत्र असेल, तर आसनही कवायतच ठरते.

कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदारांना पहाटे सवड नसते. त्यांनी लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावर मोबाइल बाजूला ठेवून दिव्यापासून ठाण्यापर्यंत केवळ श्वासाकडे पाहावे. तो रोखू वा लांबवू नये. मन भरकटले, तर न चिडता परत आणावे. दाराशी उभे राहून मात्र हा प्रयोग करू नये.

कठोर शब्द ओठांवर येण्यापूर्वी राग उमटल्याचे कळू लागणे, ही साक्षीभावाची पहिली खूण. तिची खरी कसोटी संध्याकाळी, दमून घरी परतल्यावर, मुलांशी बोलताना लागते.