विश्लेषण : कॉन्टॅक्ट लेन्स पहिल्यांदाच घेताय? तपासणी कुठे करायची, बचत कशात करायची?

दादर पश्चिमेला स्थानकाबाहेर पडले की चष्म्याच्या दुकानांवर दोन पाट्या दिसतात, ‘नेत्रतपासणी मोफत’ आणि ‘कॉन्टॅक्ट लेन्सवर सूट’. गिरगाव, लालबाग, परळमध्येही चित्र फारसे वेगळे नाही. नुकतीच नोकरीला लागलेली, लोकलच्या गर्दीत चष्मा सांभाळून कंटाळलेली मुले-मुली या पाट्या वाचून आत शिरतात. बाहेर पडताना हातात लेन्सचे खोके असते, पण आपल्या डोळ्यांची मापे लिहिलेला कागद नसतो. तो कागद हाती असेल तर चार ठिकाणी भाव विचारता येतो. नसेल तर दरवेळी त्याच दुकानात, सांगेल त्या किमतीला खरेदी करावी लागते. त्यामुळे लेन्सचा हिशेब खोक्याच्या किमतीपासून नव्हे, तर तपासणीपासून सुरू करायला हवा.

डोळ्यांची तपासणी स्वस्तात कुठे होते?

या भागात राहणाऱ्यांच्या हाताशी महापालिकेची आणि सरकारी रुग्णालये आहेत. परळचे केईएम (स्थापना १९२६), मुंबई सेंट्रलचे नायर (१९२१) आणि भायखळ्याचे राज्य सरकारचे जे. जे. या तिन्ही ठिकाणी नेत्रविभाग आहे. कामाठीपुऱ्यात महापालिकेचे केवळ डोळ्यांसाठीचे मुरली देवरा नेत्र रुग्णालय आहे. परळमध्येच हाजी बच्चूअली हे धर्मादाय रुग्णालय आहे. महापालिका आणि सरकारी रुग्णालयांत केसपेपरचे शुल्क नाममात्र असते. खरी किंमत वेळेच्या रूपात मोजावी लागते. ओपीडीची नोंदणी सकाळी होते, रांग मोठी असते आणि तपासणीत अर्धा दिवस सहज जातो. त्यामुळे कामावरून सुट्टी घेऊनच जावे.

ज्यांचा पगार महिना २१ हजार रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांच्यासाठी परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय आहे. लालबाग-परळमधील दुकाने, कार्यालये आणि कारखान्यांत काम करणाऱ्या अनेकांकडे ईएसआयचे कार्ड असते, पण ते डोळ्यांसाठी वापरायचे लक्षात येत नाही.

रुग्णालयात जाण्याचा फायदा असा की तेथे केवळ नंबर काढला जात नाही. डोळ्याचा दाब, पापण्यांची आतली बाजू, गरज असल्यास बाहुली मोठी करून मागचा पडदाही तपासला जातो. नंबर जास्त असलेल्यांसाठी ही पडद्याची तपासणी महत्त्वाची असते. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी दुचाकी नेऊ नये, गॉगल सोबत ठेवावा.

दुकानातील मोफत तपासणीत बहुतेक वेळा यंत्रात पाहायला सांगून नंबर काढतात. यंत्राने दिलेला आकडा हा सुरुवातीचा अंदाज असतो. त्यानंतर समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर काचा बदलून नंबर पक्का करायचा असतो. हा दुसरा टप्पा झाला नसेल, तर तपासणी पूर्ण झाली असे समजू नये.

चष्म्याचाच नंबर लेन्सला का चालत नाही?

चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, तर लेन्स थेट बुबुळावर बसते. अंतर बदलले की लागणारी ताकदही बदलते. हिशेब साधा आहे. चष्म्याच्या नंबराला (१ वजा अंतर गुणिले नंबर) या संख्येने भागायचे, अंतर मीटरमध्ये घ्यायचे. मायनस ६ नंबर असेल तर उत्तर मायनस ५.६० येते आणि लेन्स मायनस ५.५० ची दिली जाते. मायनस ४ चे मायनस ३.७५ होते. प्लस नंबरात उलटे घडते, प्लस ४ चे प्लस ४.२५ होते. नंबर ४ पेक्षा कमी असेल तर हा फरक इतका छोटा असतो की सहसा तोच नंबर चालतो.

दुसरा मुद्दा सिलिंडरच्या नंबराचा. चष्म्याच्या कागदावर ‘सिलिंडर’ आणि ‘अॅक्सिस’ असे दोन रकाने असतात. सिलिंडर अर्धा किंवा त्याहून कमी असेल तर त्याचा निम्मा भाग मुख्य नंबरात मिळवून साधी लेन्स देता येते. पाऊण किंवा त्याहून जास्त असेल तर टोरिक लेन्स लागते. ती साध्या लेन्सपेक्षा महाग असते. पैसे वाचवण्यासाठी मोठ्या सिलिंडरवर साधी लेन्स घेतली, तर अक्षरांना सावली दिसते, डोके दुखते आणि लेन्स काही आठवड्यांत कपाटात पडून राहते. वाचलेले पैसे असे वाया जातात.

लेन्सच्या कागदावर काय काय हवे?

चष्म्याच्या कागदावर नसलेली दोन मापे लेन्सला लागतात. एक म्हणजे आतल्या बाजूची वक्रता, जी ८.४, ८.६ अशी मिलिमीटरमध्ये लिहितात. दुसरे म्हणजे व्यास, जो मऊ लेन्सचा साधारण १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून कागदावर दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्रपणे नंबर, वक्रता, व्यास, टोरिक असल्यास सिलिंडर आणि अॅक्सिस, लेन्सचे पूर्ण नाव आणि ती किती दिवसांनी बदलायची हे सर्व लिहून घ्यावे.

ही मापे फिटिंगमधून ठरतात. ऑप्टोमेट्रिस्ट आधी बुबुळाची वक्रता मोजतो, अश्रू पुरेसे आहेत का ते पाहतो आणि चाचणीसाठी लेन्स लावतो. पंधरा-वीस मिनिटांनी लेन्स स्थिरावली की सूक्ष्मदर्शकासारख्या यंत्रातून, म्हणजे स्लिट लॅम्पमधून, ती पापणीच्या उघडझापीबरोबर किती हलते ते तपासतो. लेन्स फार घट्ट बसली तर खालचे अश्रू बदलत नाहीत. सैल बसली तर ती सरकते आणि टोचते. त्यानंतर स्वतःच्या हाताने लेन्स लावणे आणि काढणे शिकवले जाते. काढता येत नाही तोवर लेन्स घेऊन घरी जाऊ नये. आठवड्याभराने पुन्हा दाखवायला बोलावणे हाही फिटिंगचाच भाग आहे.

रुग्णालयाच्या प्रत्येक ओपीडीत मऊ लेन्सची चाचणी होतेच असे नाही. केसपेपर काढतानाच विचारून घ्यावे. होत नसेल तर नंबर आणि डोळ्यांची तपासणी रुग्णालयात करून फिटिंगपुरते पैसे चांगल्या ऑप्टोमेट्रिस्टला द्यावेत. फिटिंगचे शुल्क किती, ते लेन्सच्या किमतीत धरले आहे का आणि कागद मिळणार का, हे तीन प्रश्न आधीच विचारावेत.

रोजची लेन्स स्वस्त की महिन्याची?

याचे उत्तर तुम्ही आठवड्यातून किती दिवस लेन्स लावता यावर अवलंबून आहे. रोज लावून रात्री फेकून द्यायच्या लेन्स वर्षभर वापरल्या तर ७३० लागतात. महिन्याच्या २४ पुरतात, पण त्यांना सोल्युशन आणि डबी लागते. महिन्याची लेन्स खोलल्यापासून कॅलेंडरप्रमाणे मोजतात. महिन्यात चारच दिवस लावली तरी तिची मुदत संपते.

उदाहरणादाखल आकडे धरू. महिन्याची एक लेन्स ३०० रुपयांना आणि सोल्युशन महिन्याला २०० रुपयांचे असेल, तर वर्षाला ७,२०० अधिक २,४०० म्हणजे ९,६०० रुपये लागतील. रोजच्या लेन्सची जोडी १०० रुपयांना पडत असेल, तर तेवढ्याच पैशांत ९६ दिवस निघतात. म्हणजे या दरांना आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी लग्न, मुलाखत किंवा खेळासाठी लेन्स लावणाऱ्याला रोजची लेन्स परवडते. आठवड्याचे पाच-सहा दिवस लावणाऱ्याला महिन्याची स्वस्त पडते. प्रत्यक्ष दर टाकून हाच भागाकार दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर करता येतो.

वर्षभर वापरायच्या लेन्सही बाजारात मिळतात. कागदावर त्या सर्वांत स्वस्त दिसतात. मात्र जितके दिवस एकच लेन्स वापरू, तितका तिच्यावर अश्रूंतील प्रथिनांचा थर साचतो आणि स्वच्छतेतील चुका महागात पडतात. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी त्या टाळलेल्या बऱ्या.

ऑनलाइन किंवा दुसऱ्या दुकानातून घ्यावी का?

कागदावरील नाव आणि मापे तीच असतील तर जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यायला हरकत नाही. कंपनी बदलायची असेल तर मात्र पुन्हा चाचणी करावी. दोन कंपन्यांच्या खोक्यांवर ८.६ हाच आकडा असला तरी साहित्य आणि कडांची घडण वेगळी असल्याने डोळ्यावर बसण्यात फरक पडतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात सर्व वैद्यकीय उपकरणे औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. लेन्सच्या खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि कमाल किरकोळ किंमत पाहून घ्यावी. मोठी सूट असेल तर मुदत किती उरली आहे ते आधी वाचावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॉन्टॅक्ट लेन्सवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिल घेतले तर तो किती लावला हे दिसते आणि लेन्स सदोष निघाल्यास बदलूनही मागता येते.

फॅशनसाठीच्या रंगीत लेन्सलाही हेच नियम लागू होतात. नंबर शून्य असला तरी लेन्स डोळ्यावरच बसते. तिलाही फिटिंग लागते आणि ती मैत्रिणीबरोबर वाटून वापरायची नसते.

बचत कुठे करू नये?

मऊ लेन्सचा पाया झेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्तर्ले यांनी घातला. १९६१ मध्ये घरी, मुलांच्या खेळण्यातील भागांपासून बनवलेल्या यंत्रावर त्यांनी या लेन्स तयार केल्या. पाणी शोषून मऊ राहणे हा या साहित्याचा गुण आहे आणि धोकाही तोच. नळाच्या किंवा गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात अकांथअमिबा हा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्स त्या पाण्याने धुतली तर तो बुबुळापर्यंत पोहोचतो आणि त्याचा संसर्ग बरा व्हायला अनेक महिने लागू शकतात. म्हणून लेन्स आणि डबी दोन्हींना पाणी लावायचे नाही. आंघोळ करताना, पोहताना लेन्स काढून ठेवावी.

सोल्युशन रोज नवे घालावे, कालच्यात भर घालू नये. सलाइनने जंतू मरत नाहीत, त्यामुळे ते सोल्युशनला पर्याय नाही. डबी दर तीन महिन्यांनी बदलावी. साबणाने हात धुऊन कोरडे करावेत, मगच लेन्सला हात लावावा.

झोपताना लेन्स काढणे हा सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, ते हवेतून प्राणवायू घेते. पापणी मिटली की तो कमी होतो, वर लेन्स असेल तर आणखी कमी. ऑस्ट्रेलियात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्यांत बुबुळाच्या जंतुसंसर्गाचे प्रमाण वर्षाला १० हजारांमागे सुमारे २ आढळले. रात्री लेन्स घालून झोपणाऱ्यांत ते सुमारे २० होते. कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलमध्ये लागणारी डुलकीसुद्धा यात मोडते.

मुंबईत आणखी कोणती काळजी घ्यावी?

पावसात भिजताना डोळे चोळू नयेत. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उधळला जातो, ढोल-ताशा पथकात तासन् तास धुळीत उभे राहावे लागते. त्या दिवशी चष्माच बरा. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळे येण्याची साथ पसरली होती. अशा काळात लेन्स बंद ठेवाव्यात आणि डोळे आलेले असताना वापरलेली जोडी डबीसकट फेकून द्यावी.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसू लागले, तर लेन्स लगेच काढावी. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. विशेषतः स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली तात्पुरती कमी होते, पण संसर्ग आत वाढत राहू शकतो. त्याच दिवशी नेत्रविभाग गाठावा. जाताना लेन्स आणि डबी सोबत न्यावी, त्यांवरून जंतू कोणता हे तपासता येते.

आणि खरेदीच्या यादीत चष्मा आधी धरावा. लेन्स कितीही सवयीची झाली, तरी डोळ्यांना सुट्टी लागते त्या दिवशी योग्य नंबरचा चष्मा घरात असायलाच हवा. तो नसेल, तर डोळा दुखत असतानाही माणूस लेन्स लावून कामावर जातो.