घराचे चित्र आणि परवानगीचा नकाशा

गृहरचना सॉफ्टवेअर, म्हणजे भिंत, दार, खिडकी अशा तयार घटकांतून घराचा आराखडा आणि त्याचे त्रिमितीय चित्र एकाच वेळी उभे करणारी संगणकप्रणाली, बीडसारख्या जिल्ह्यात घरमालकाला नियोजित घर समजावून देण्यास उपयोगी पडते. परंतु बांधकाम परवानगीचा नकाशा तिच्यातून जसाच्या तसा निघत नाही. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार बांधीव क्षेत्र ‘पी-लाइन’ने, म्हणजे प्रत्येक मजल्यावरील बांधकामाच्या बाह्य परिघरेषेने, मोजले जाते, तर अशा प्रणाली खोलीचे क्षेत्र बहुधा भिंतींच्या आतून दाखवतात. आतून ३ × ४ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर असलेली सुटी खोली २३० मिलिमीटर जाडीच्या चारही भिंती धरून १५.४३ चौरस मीटर भरते. शिवाय पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीतील पायाचा तपशील त्रिमितीय चित्रात नसतो. तो मातीपरीक्षणावरून संरचना अभियंत्याने ठरवलेल्या मापांनुसार स्वतंत्रपणे रेखाटावा लागतो.