बोहेमियन ऱ्हॅप्सडी (संगीत चित्रफीत)

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ही क्वीन या ब्रिटिश रॉक समूहाच्या याच नावाच्या गीतासाठी १९७५ मध्ये तयार केलेली संगीत चित्रफीत आहे. तिचे दिग्दर्शन ब्रूस गॉवर्स यांनी केले. रॉक संगीताच्या चित्रफितींमधील दृश्यसंकेत आणि संकलनपद्धती यांच्या अभ्यासात तिचा उल्लेख वारंवार होतो.

== पार्श्वभूमी ==
जवळपास सहा मिनिटांच्या या गीतातील ऑपेरासदृश मधला भाग फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांचे आवाज एकावर एक अनेकदा ध्वनिमुद्रित करून घडवलेला होता. रंगमंचावर चौघांना तो सादर करणे शक्य नव्हते आणि बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात त्यावर नुसते ओठ हलवणे हास्यास्पद ठरले असते. त्यामुळे नोव्हेंबर १९७५ मध्ये एल्स्ट्री येथील स्टुडिओत, दौऱ्याच्या तालमी सुरू असताना, सुमारे चार तासांत चित्रीकरण उरकण्यात आले. त्यासाठी फिल्मऐवजी व्हिडिओटेप वापरली गेली.

== दृश्यरचना आणि संकलन ==
चित्रफितीची विभागणी गीताच्या विभागणीला धरून आहे. आरंभी अंधारातून हिऱ्याच्या आकारात मांडलेले चार चेहरे उजळतात. ही रचना मिक रॉक यांनी 'क्वीन २' (१९७४) या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी टिपलेल्या छायाचित्रावरून घेतली आहे. त्या छायाचित्रामागे 'शांघाय एक्सप्रेस' (१९३२) या चित्रपटाच्या काळातील मार्लीन डीट्रिच यांच्या छायाचित्राची प्रेरणा होती. यानंतर पियानोवर बसलेले मर्क्युरी दिसतात. (त्यांचे पियानोचे शिक्षण त्यांच्या शालेय वयात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत असताना झाले.) हा भाग संथ आहे आणि एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा हळूहळू उमटत जाते.

ऑपेराच्या भागात चेहरे पुन्हा येतात, पण आता त्यांची संख्या वाढते. पैलूदार भिंगामुळे एकाच चेहऱ्याच्या अनेक प्रती दिसतात. कॅमेरा मॉनिटरच्या पडद्याकडेच रोखल्याने चेहरा मागे मागे सरत जाणाऱ्या प्रतिमांच्या रांगेत विरघळतो. हे परिणाम नंतर जोडलेले नाहीत, चित्रीकरणाच्या वेळीच साधलेले आहेत. केवळ चमत्कृती म्हणून त्यांच्याकडे पाहणे अपुरे ठरते: ध्वनिमुद्रणात आवाज ज्या रीतीने वाढवला गेला, त्याच रीतीने येथे चेहरा वाढवला आहे. जॉन डीकन यांचा आवाज या गीतात नाही, तरीही चार चेहऱ्यांत ते आहेत. म्हणजे पडद्यावर दिसणारा गायकवृंद ध्वनिमुद्रणाचा पुरावा नव्हे. तो पडद्यासाठी रचलेला आहे.

हार्ड रॉकचा भाग सुरू होताच दृश्ये रंगमंचावर येतात. धूर, प्रखर प्रकाशझोत, गिटारवादनाचे क्लोजअप आणि झपाट्याने बदलणारे कट हे रॉक मैफलीच्या चित्रीकरणाचे परिचित संकेत येथे एकत्र दिसतात. अखेरीस वेग पुन्हा मंदावतो आणि टेलर भव्य घंटेवर टोला देतात.

== प्रभाव ==
ही जगातील पहिली संगीत चित्रफीत असल्याचा दावा बरोबर नाही. बीटल्सने १९६६ मध्येच 'पेपरबॅक रायटर' व 'रेन' या गीतांसाठी प्रसिद्धीपट केले होते. मात्र गीत ब्रिटनच्या यादीत सलग नऊ आठवडे अग्रस्थानी राहिल्याने दूरचित्रवाणीवर कलाकारांऐवजी चित्रफीत पाठवण्याची प्रथा बळावली. एमटीव्ही वाहिनी १९८१ मध्ये सुरू झाली. क्वीनच्या मैफलींमध्ये ऑपेराचा भाग ध्वनिमुद्रित स्वरूपातच वाजवला जाई आणि त्या वेळी चौघेही रंगमंच सोडून आत जात.