कामगारसंघटना आणि उत्पादनाचे परदेशगमन : अमेरिकेतील अनुभवाची मीमांसा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कारखानदारीचा रोजगार १९७९ साली सुमारे १ कोटी ९५ लाख या उच्चांकास पोहोचला होता. २००० साली तो सुमारे १ कोटी ७३ लाख होता आणि २०१० सालच्या आरंभी १ कोटी १५ लाखांपर्यंत खाली आला. या ऱ्हासाची जी कारणे सांगितली जातात त्यांत एक विशेष लोकप्रिय आहे. कामगारसंघटनांनी वेतने अवाच्या सवा वाढविली, म्हणून कारखानदारांना देश सोडावा लागला, असे ते मत होय. हे मत सर्वस्वी निराधार नाही. परंतु त्यात सत्याचा अंश किती, हे तपासल्यावाचून ते स्वीकारणे शास्त्रीय दृष्टीस धरून होणार नाही.

प्रथम तीन भिन्न घटना वेगळ्या करणे अवश्य आहे. यंत्रांच्या सुधारणेमुळे तेच उत्पादन थोड्या कामगारांकडून होऊ लागणे, ही पहिली. परकीय कारखान्यांच्या मालाने स्वदेशी मालास बाजारातून हुसकणे, ही दुसरी. स्वदेशी कंपनीनेच आपले उत्पादन परदेशी नेणे किंवा तेथील कारखान्याकडून करवून घेणे, ही तिसरी. तिन्हींचा परिणाम रोजगार घटण्यात होत असला, तरी त्यांची कारणे एक नव्हेत. प्रस्तुत विवेचनाचा विषय मुख्यत्वे तिसरी घटना हा आहे.

या दृष्टीने आर. सी. ए. या कंपनीचा इतिहास उद्बोधक आहे. जेफरसन कावी यांनी ‘कॅपिटल मूव्हज’ (१९९९) या ग्रंथात तो सविस्तर मांडला आहे. न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे या कंपनीचा रेडिओचा मोठा कारखाना होता. वॅग्नर कायद्याने १९३५ साली संघटनेच्या हक्कास संरक्षण दिले आणि १९३६ साली कॅम्डेनमध्ये मोठा संप झाला. १९४० साली कंपनीने रेडिओचे उत्पादन इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन या लहान गावी नेण्यास प्रारंभ केला. १९६६ साली टेनेसीतील मेंफिस येथे दुसरा कारखाना उघडला. तो जेमतेम पाच वर्षे टिकला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मेक्सिकोच्या सीमेवरील स्यूदाद हुआरेझ येथे कंपनीने आपले बस्तान बसविले. ब्लूमिंग्टनचा कारखाना मात्र पुढे फ्रेंच मालकीखाली १९९८ सालापर्यंत चालू राहिला आणि मग तेथील उरलेले कामही हुआरेझला गेले.

या वृत्तांतातून दोन निष्कर्ष निघतात. कॅम्डेनहून निघालेले पहिले पाऊल संघटनेपासून दूर जाण्याच्या इच्छेशी निगडित होते, हे नाकारता येत नाही. परंतु ते पाऊल देशाच्या सीमेबाहेर पडले नव्हते. दुसरे असे की, ब्लूमिंग्टनचे कामगारही संघटितच होते. तरीही तेथील कारखाना जवळजवळ सहा दशके उभा राहिला. केवळ संघटना असणे हेच परदेशगमनाचे पुरेसे कारण असते, तर हे घडले नसते.

आता वेतनाचे गणित पाहू जाता, संघटित कामगारास समान कामाच्या असंघटित कामगारापेक्षा मिळणारे अधिक वेतन अमेरिकेत सर्वसाधारणपणे १० ते २० टक्के असल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखविले आहे. उलट, अमेरिकेच्या श्रमखात्याच्या सांख्यिकी कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २००२ साली चिनी कारखान्यातील श्रमखर्च तासाला सुमारे ५७ सेंट, म्हणजे अमेरिकेतील खर्चाच्या अवघा ३ टक्के होता. संघटनेमुळे मिळणारे सर्व अधिक वेतन कामगारांनी सोडून दिले असते, तरी १२० चे १०० झाले असते. तिकडचा आकडा ३ च्या आसपास राहिला असता. ही दरी संघटनेने निर्माण केलेली नव्हती. ती दोन देशांच्या एकंदर आर्थिक विकासातील अंतराची दरी होती.

येथे एक आक्षेप साहजिकच उपस्थित होतो. वेतनातील ही दरी तर १९५० सालीही होती. मग त्या वेळी कारखाने का गेले नाहीत? याचे उत्तर असे की, स्वस्त वेतनाचा लाभ कमी उत्पादकता, महाग वाहतूक आणि जकात यांत त्या काळी नाहीसा होत असे. पुढे हे अडसर एकेक करून दूर झाले. एप्रिल १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले आणि कंटेनर-वाहतुकीचा पाया घातला गेला. सुटे भाग अमेरिकेतून परदेशी पाठवून, तेथे जोडून परत आणल्यास केवळ तिकडे वाढलेल्या मूल्यावर जकात घेण्याची तरतूद अमेरिकी जकातनियमांत होती. तिला अनुरूप अशी सीमावर्ती उद्योगांची योजना मेक्सिकोने १९६५ साली सुरू केली. १९९४ च्या १ जानेवारीस उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अंमलात आला आणि डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला. नवी यंत्रसामग्री भांडवलाबरोबर स्थलांतर करू लागल्यामुळे उत्पादकतेतील अंतरही घटले.

संघटनेचा परिणाम स्वतंत्रपणे मोजावयाचा, तर जेथे संघटना दुर्बळ होती अशा उद्योगाकडे पाहिले पाहिजे. दक्षिणेतील कापडउद्योग हे असे उदाहरण होय. न्यू इंग्लंडमधील गिरण्यांचा धंदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅरोलायना राज्यांकडे सरकला. १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्याने सभासदत्वाची सक्ती करणारे करार निषिद्ध ठरविण्याची मुभा राज्यांना दिली आणि नॉर्थ कॅरोलायनाने त्याच वर्षी तसा कायदा केला. तेथील कॅनापोलिस या गिरणगावात संघटनेचा मतदानात वारंवार पराभव झाला. तिला यश आले ते १९९९ साली. २००३ च्या जुलैमध्ये तेथील पिलोटेक्स कंपनी बंद पडून सुमारे ६,५०० कामगार बेकार झाले. हा संघटनेचा परिणाम म्हणावा, तर ज्या गिरण्यांत संघटनेने कधी पाऊलही टाकले नव्हते, त्याही त्याच सुमारास बंद पडत होत्या. कमी वेतन आणि संघटनेचा अभाव या दोहोंपैकी एकानेही हा उद्योग वाचविला नाही.

कालक्रमही हेच सुचवितो. खाजगी क्षेत्रातील संघटित कामगारांचे प्रमाण १९८३ साली १६.८ टक्के होते, ते २००० साली ९ टक्क्यांवर आले. रोजगाराची सर्वांत तीव्र घसरण त्यानंतरच्या दशकात, म्हणजे संघटना क्षीण झाल्यावर झाली. ॲसेमोग्लू, ऑटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीच्या स्पर्धेमुळे एकंदर २० ते २४ लाख रोजगार नष्ट झाले. याउलट, निसान व टोयोटा या जपानी कंपन्यांनी १९८० नंतरच्या दशकात टेनेसी व केंटकी येथे असंघटित मोटारकारखाने उभारले. संघटनेचा प्रभाव कारखाना देशात कोठे असावा यावर जितका पडतो, तितका तो देशात असावा की नाही यावर पडत नाही, असे यावरून म्हणता येईल.

तथापि संघटनांना सर्वस्वी दोषमुक्त ठरविणेही उचित नव्हे. १९५९ साली सुमारे ५ लाख पोलादकामगारांचा संप ११६ दिवस चालला. ग्राहक-कारखान्यांनी गरजेपोटी परकीय पोलाद घेतले आणि त्या वर्षी अमेरिकेची पोलादाची आयात निर्यातीहून अधिक झाली. एकदा जुळलेले हे संबंध संप मिटल्यावर तुटले नाहीत. मात्र ही परकीय मालाच्या स्पर्धेची घटना होय. शिवाय जुनी यंत्रसामग्री बदलण्यास पोलादमालकांनी केलेला विलंबही तिच्या मुळाशी होता.

कार्यकारणभावाची एक उलट दिशाही ध्यानात घेतली पाहिजे. केट ब्रॉन्फेनब्रेनर यांनी १९९० नंतरच्या दशकात केलेल्या पाहणीत असे आढळले की, संघटना बांधण्याचे प्रयत्न चालू असता सुमारे निम्म्या मालकांनी कारखाना बंद करण्याची धमकी दिली. म्हणजे संघटनेमुळे कारखाने गेले यापेक्षा, कारखाने जाऊ शकतात या शक्यतेमुळे संघटना दुबळ्या झाल्या, हे विधान अधिक साधार ठरते. कारखाना प्रत्यक्ष न हलताही या शक्यतेचे मोल कामगार वेतनातून देत असतो.

जर्मनीचा अनुभव या संदर्भात तुलनेस घेण्याजोगा आहे. तेथे धातुकामगारांची संघटना प्रबळ आहे आणि १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर कामगारांस निम्म्या जागा दिल्या आहेत. पूर्व युरोपात काही उत्पादन जाऊनही २०१० नंतरच्या दशकात जर्मनीच्या मूल्यवृद्धीत कारखानदारीचा वाटा सुमारे एक-पंचमांश होता; अमेरिकेत तो एक-दशांशाच्या आसपास होता.

निदानावर उपाय अवलंबून असतो. वेतनाची मागणी हेच रोगाचे मूळ मानले, तर वेतनकपात हा उपाय ठरतो; परंतु १२० चे १०० करून ३ शी स्पर्धा जिंकता येत नाही, हे कॅनापोलिसच्या कामगारांनी अनुभवले. वेतनातील दरी, वाहतुकीची क्रांती आणि व्यापाराचे नियम यांच्या संयोगाने हे स्थलांतर घडले, असे मानल्यास विचाराचा रोख व्यापारकरारांतील अटी, कौशल्यशिक्षण आणि बेकार झालेल्यांचे पुनर्वसन यांकडे वळतो. संघटनेच्या गुणदोषांची चर्चा त्यानंतरही शिल्लक राहते. पण ती तिच्या स्वतःच्या पुराव्यावर करावी लागेल, परदेशी गेलेल्या कारखान्यांच्या नावावर नव्हे.